कमी पाण्याचा कोयता

गेल्या हिवाळ्यात कोयत्याचा तुकडा उडाला, नखाएवढा,
गोठलेल्या बकऱ्याच्या मांडीवर, दुसऱ्याच घावाला.
बॅटरी घेऊन खूप शोधला.
शेवटी अख्खं पातेलं बर्फात उपडं केलं
आणि तेरा माणसं त्या रात्री बिस्किटांवर झोपली.
कोणी मला बोललं नाही.
चौकीचा लांगरी मी. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून या सुट्टीत, नंदुरबारला,
मिरचीच्या पथाऱ्यांपल्याड, जिथे श्वासाला ठसका लागतो,
सुपडू लोहाराच्या पालासमोर उभा राहिलो.
फाल्गुन सरलेला. भात्याशिवाय कोळसा पेटेल असं ऊन.

"काय तोडनं शे?"
मटण, म्हटलं. लाकूड. डब्यांवर चढलेला बर्फ.
कधी कांदासुद्धा, तिथे तो गोटीसारखा वाजतो.
"कितली थंडी?"
उणे तीस.
त्याने 'उणे' तोंडात घोळवला आणि थुंकून टाकला.
त्याच्याकडे अंश नाहीत, रंग आहेत:
पात्यावर आधी पिवळा चढतो, मग जांभळा,
मग मोराच्या मानेचा निळा, आणि तिथे थांबायचं असतं.

तीन कोयते मांडले गोणपाटावर.
एक आरसा; त्यात माझी मिशी दिसली.
एक पातळ, हाताला हलका.
तिसरा ट्रकच्या पाट्याचा, पाठीला जाड,
अंगावर हातोड्याचे वण तसेच.
पहिल्याला टिचकी मारली तर देवळातली घंटा.
मी तोच उचलणार होतो.

पण नखाएवढा तुकडा आठवला.
गोळेवाल्याकडून अर्धी लादी आणली, दोन किलो खडेमीठ,
आणि आइस्क्रीमच्या जुन्या पिंपात
तिन्ही कोयते पुरले, भर दुपारी.
फुटलेला बर्फ सुपडूच्या पोरांनी गालात धरला.
बाजारातली माणसं थांबून बघत होती,
कोणीतरी विचारलं, कोणता फ्लेवर.

तासाभराने काढले. पात्यांवर पांढरी साय.
पहिला बाभळीच्या गाठीवर गात गात तुटला.
दुसरा वाकला तो वाकलाच.
तिसरा रुतला. आवाज नुसता 'बद्द'.

"याना पैसा तू देशी," सुपडू तुटलेल्याकडे बघत म्हणाला,
आणि मग, जरा वेळाने,
"जास्त पानी पाजं का लोखंडले माज येस.
थंडीमा माज टिकत नई.
याले कमी पानी शे. धार लवकर जाई. घासत ऱ्हाय."

मूठ झेलाबाईने बसवली. घण तीच मारते.
धावड्याचं लाकूड, वर बैलाच्या कातड्याची वादी,
खिळ्यांची डोकी आत दडवलेली.
लोखंडाला उघडा हात लावू नको, म्हणाली.
मी तळवा उघडून दाखवला: गेल्या साली
दाराच्या कडीला चिकटलेला, सोलून काढलेला.
तिने आपला शेजारी धरला, निखाऱ्याचा.
दोन्ही डाग चकचकीत, त्यांवर रेषा नाहीत.
वादीचा आणखी एक वेढा दिला तिने, न सांगता.

चौकीवर ट्रंक उघडली तेव्हा
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पात्यावर
लाल खकाणा बसलेला, पथाऱ्यांवरचा.
नोरबूने वास घेतला आणि सात वेळा शिंकला.
तेरा हजार फुटांवर, उणे अठ्ठावीसमध्ये,
त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं
आणि पापणीवरच थांबलं.