सातवं घर

आमच्या ड्रोनला धावपट्टी लागत नाही.
बालवाडीचं अंगण पुरतं,
आणि अंगणात रंगवलेली ठिक्करबिल्ल्याची दहा घरं.
सातव्या घरात आम्ही त्याला ठेवतो.
कॅमेऱ्याची काच मी जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसतो.

युद्धाआधी मी मिकोलायवला लिफ्ट दुरुस्त करायचो.
सरळ वर, सरळ खाली,
एवढीच माझी विद्या.
म्हणून बॅटऱ्या माझ्याकडे.
तो पॉप्लरच्या शेंड्यापर्यंत उभा चढतो,
काहीतरी विसरल्यासारखा थबकतो,
मग पुढे कलतो आणि विमान होतो.
तिथून पुढचं मला कळत नाही.
ते यारिनाचं.

यारिना औषधांच्या दुकानात होती.
डॉक्टरांचं अक्षर लागायचं तिला,
आता हजार मीटरवरून
झुडूप कुठलं आणि जाळीखालचा ट्रक कुठला, ते लागतं.

आज तो नदीपलीकडे गेला.
पडद्यावर शेतं, रस्ता, पुन्हा शेतं,
आणि एक पत्र्याचं छप्पर, अर्धं निळं.
"अर्धंच का?" मी आपलं विचारलं.
"रंग संपला होता," ती म्हणाली.

मग मी काही बोललो नाही.

अक्रोडाचं झाड. दोरीवर पाच शर्ट,
एकाच मापाचे, एकाच रंगाचे.
वाफ्यांतून गेलेल्या चाकोऱ्या,
आणि झाडाखाली झाकून ठेवलेलं काहीतरी लांबट.
"टोमॅटो गेले," ती म्हणाली.

वायरलेसवर ओस्ताप: "काही दिसतंय?"

आयुष्यभर तिनं तो पत्ता लिहिला असेल,
गल्ली, घर नंबर, वर बापाचं नाव.
आज आकड्यांत सांगितला,
एकेक आकडा सुटा,
गोळ्या मोजून पुडीत टाकाव्यात तसा.
शेवटचा आकडा दोनदा सांगितला.
ओस्तापनं विचारलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा ऊन कललं होतं.
अंड्यांवर बसणाऱ्या कोंबडीसारखा
अंग सावरत, धूळ उडवत
बरोबर सातव्या घरात उतरला.
जिथून उठला तेच घर,
असं कारखान्यातच शिकवलंय त्याला.

बॅटरी काढली. हाताला चटका बसला.
यारिना बाहेर आली,
पहिल्या घरापाशी एक पाय उचलला, बुटासकट,
दोन, तीन, चार,
चिखलानं पाच पुसलं गेलंय, तरी पाच,
आणि पुढे तो बसलेला
म्हणून सहाव्यातच थांबली,
हात पसरून, तोल सांभाळत.

"टेक की पाय," मी म्हणालो.

नदीपलीकडे आवाज झाला.
खिडकीची उरलेली काच थरथरली.
तेव्हाही तिनं टेकला नाही.