शिल्लक

लिएपायात नोव्हेंबरात चारलाच दिवा लागतो.
टेबलावर जुनं वर्तमानपत्र, गव्हाच्या खळीची वाटी,
बोथट कात्री,
आणि बुटांच्या खोक्यातून बाहेर येतो
माझा सगळा कागदी गोतावळा:
ट्रामची तिकिटं, टाचण्यांच्या भोकांसकट शिवणाचे नमुने,
भिंतीच्या तिसऱ्या थराखाली सापडलेली निळी फुलं,
स्प्रॅट माशांच्या डब्यावरचं सोनेरी लेबल.
अजून वास येतो, म्हणतो रेनार्स.
येत नाही. नातवंडांना म्हणायची सवय असते.

आउस्त्रा शनिवारी नव्वद पूर्ण करतेय.
तिच्यासाठी फुलं कापायला घेतली
तर खालून निघालं
मासळी-कारखान्याच्या खातेवहीचं पान,
मार्च १९६३. तिचंच अक्षर,
डावीकडे कललेलं, घाईतलं.
हेरिंगची पिंपं: ४७.
शेजारी लाल शाईत मी: ७४!
उद्गारचिन्हाशी कागद फाटलाय.

त्या उलटसुलट आकड्यांपायी
अकरा वर्षं आम्ही एकाच बाकावर बसून
डबा पाठमोऱ्या खाल्ला.

कात्री तीनदा नेली त्या लाल शाईपर्यंत.
खळीवर साय धरायला लागली.
शेवटी सबंध तुकडाच डकवला कार्डावर,
कडेनं तेवढी निळी फुलं.
रिबीन नको, ती हसेल.

आत काय लिहायचं?
‘शुभेच्छा’ लिहून खोडलं.
मग ड्रॉवर उपसून लाल पेन काढलं
आणि ४७ च्या पुढे, बारीकशी,
बरोबरची खूण केली.

हे कार्ड आहे की हिशोब, रेनार्स विचारतो.
हात लावू नकोस, म्हटलं,
ओलं आहे अजून.