बटणांचाच द्या

तपकीर गल्लीत शनिवारी दुपारी
चालायला जागा नसते, थांबायला तर नाहीच.
बाबा थांबले.
"बटणांचा फोन आहे का?"
पोरगा म्हणाला, काका, आता बटणांचं कोण घेतं,
आणि म्हणता म्हणता खालच्या खणातून
पाच काढून ठेवले.

म्हणजे कुणीतरी घेतंच.

मागच्या वर्षी मी दिला होता मोठा, काचेचा.
बाबांनी तो पंचात गुंडाळून कपाटात ठेवला.
रिंग वाजली की आधी पंचा सोडायचे,
मग बोट लावायचे. काच ढिम्म.
एकतीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत लेथवर गेलेली बोटं,
त्यातली उजवी तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपते.
एकदा नुसती पुसायला गेले
तर माझ्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल लागला,
बाबा बनियनवर.
त्यानंतर त्या फोनचं नाव निघालं नाही घरात.

काउंटरवर त्यांनी एकेक उचलला,
तळहातावर तोलला,
झाकणाची फट नखाने तपासली,
कानाशी धरून एकेक बटण दाबलं.
"ह्याचा पाच ढिला आहे."
पोराने दाबून पाहिला. खरंच ढिला.
तिथून पुढे तो काका सोडून साहेब म्हणू लागला.

मी घरून यादी करून आणलेली:
रेडिओ, टॉर्च, अक्षरं केवढी, आवाज किती,
चार्जिंग किती दिवस.
बाबांनी एकच विचारलं,
"पडला तर?"
पोरगा हसला आणि फोन सोडूनच दिला.
फरशीवर झाकण एकीकडे, बॅटरी एकीकडे.
वेचले, जोडले, चालू करून दाखवला.
चौदाशे, तो म्हणाला. बाराशे, बाबा म्हणाले.
तेराशेला दोघांनाही आपणच जिंकल्यासारखं वाटलं.

मग नंबर भरायची वेळ.
दोन दाबलं की कोण?
मी म्हटलं, मी.
"तुझा पाठ आहे,"
आणि त्या गोंगाटात दहाही आकडे म्हणून दाखवले,
तेराच्या पाढ्यासारखे, कुठेही न अडखळता.
"बटणावर ठेवला तर विसरेन."
दोनवर मग मुलाणी रिक्षावाले बसले.
तीनवर बोपोडीचा दवाखाना.
चारवर ओव्हाळ.
ओव्हाळकाका गेले ना बाबा, डिसेंबरात?
"त्याची बायको उचलते," म्हणाले. "असू दे."

पाठीवर एक लाल बटण होतं, संकटाचं.
तिथे मात्र मी हट्टाने मला घातलं.
दाबलं की भोंगाही वाजतो, पोराने वाजवून दाखवला.
बाबा म्हणाले, तेवढा बंद कर रे,
भोंगा फॅक्टरीतला पुरे झाला.

तेव्हापासून आठवड्यातून दोनतीनदा
बाबा संकटावर बसतात.
म्हणजे फोन मागच्या खिशात, आणि खाली बसची सीट.
पहिल्यांदा मी डबा उघडा टाकून ऑफिसातून पळाले,
रिक्षात हॅलो, बाबा, हॅलो,
होळकर पुलापर्यंत नुसती घरघर,
आणि पुलावर एकदम स्पष्ट ऐकू आलं,
ते कंडक्टरशी सुट्ट्या पाच रुपयांवरून भांडत होते.

सांगितलं, वरच्या खिशात ठेवा.
वरच्या खिशात चष्मा असतो.

आता नंबर दिसला की मी ओरडत नाही.
कॉपियरच्या खोलीत जाते, दार लोटून घेते,
कान देते.
ब्रेक करकरतो. पुढे सरका, पुढे सरका.
कुणाचं तरी बाळ रडतंय.
आणि बाबा शेजारच्याला सांगतायत,
मुलीनं घेऊन दिला, पण निवडला मी.
दाबून बघा.
ह्याचा पाच घट्ट आहे.