सव्वादहाची फेरी

रायबंदरच्या धक्क्यावर, मांडीवर लॅपटॉप.
फेरी अजून दिवाडीलाच.
माझी सेवा पडद्यामागे उठते, पडते.
सहा थ्रेड. भरतीचे आकडे वाचणारा
अजून डोळे चोळतोय,
तोवर निरोप धाडणारा सुटलासुद्धा,
कोरा निरोप घेऊन दारोदार.

दुपारी मी त्याला दोन सेकंद झोपवलं होतं.
फ्लोरिना म्हणाली, झोप म्हणजे उपाय नव्हे गो.
ऑफिसात चाललं.
बंदर खात्याच्या जुन्या मशीनवर
दोन सेकंदांत कुणी कूसही बदलत नाही.

फेरी लागते. फळी खाली.
दोन स्कूटर, रिकाम्या टोपलीचा पोदेर,
पणजीहून परतणारी नर्स, चपला हातात.
खलाशी कुस्तोद घड्याळ बघत नाही,
माणसं मोजतो. साखळी मुठीत.
इंजिन धडधडतंय जागच्या जागी.

झोपेची ओळ मी खोडते.
तिथे आकडा लिहिते: सहा.
जो तयार होईल त्यानं एक वजा करायचा
आणि थांबायचं.
शून्य झालं की साखळी.

चालवून बघते.
पाच. चार. तीन, दोन.
एक.

एक.

पडदा हलत नाही.
कोण राहिलं, कुठे अडलं,
मी नोंदी चाळत वर सरकते,

आणि पाण्यावरून कुस्तोदची हाक:
"बाय, येता मगो?"