बटणांना नावं ठेवा

अंबडच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं
मी माणसांना माणसं जोडून दिली.
"धरून ठेवा, देते," एवढंच म्हणायचं
आणि मधून बाजूला व्हायचं.
ऐकायचं नाही. ऐकलं थोडंफार.
गोडाऊनच्या खैरनारांचं लग्न ठरलेलं
मला त्यांच्या आईच्याही आधी कळलं होतं.

म्हणून मुखत्यारपत्र मला सोपं वाटलं.
उपनगरचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
गुडघे म्हणतात विका.
भाची तेजल म्हणते, मावशी, धावपळ मी करते,
तू फक्त कागद दे.
म्हणजे लाइन जोडायची
आणि मधून बाजूला व्हायचं.

माझा संगणक बोलतो माझ्याशी.
त्या रात्री म्हणाला:
बटण.
बटण.
चित्र.
बटण, निष्क्रिय.
चित्र सात शून्य चार.
चित्रात दिसणारी अक्षरे लिहा.

"दिसणारी" या शब्दावर मी उठून चहा करून आले.
परत येईपर्यंत वेळ संपली होती.
पत्ता, सर्व्हे नंबर, साक्षीदार, सगळं गेलं,
फळा पुसून मास्तर निघून गेल्यासारखं,
आणि मी बाकावर.

अशा तीन रात्री.
चौथ्या दिवशी सिटीलिंकनं बिटकोला गेले.
एका भल्या माणसानं न विचारता हात धरून
मला नको होता तो रस्ता ओलांडून दिला.
परत आले. भज्यांच्या वासाच्या डावीकडे केंद्र.
समाधान बोराडे: आवाज बावीस-तेवीसचा, सर्दी झालेला.
"आजी, बसा निवांत. ओटीपी सांगा, अंगठा द्या,
बाकी मी बघतो."

बाकी मी बघतो.
गंमत बघा, एकीला अधिकार द्यायला निघाले
तर वाटेत आधी दुसऱ्यालाच द्यायचे,
ना शिक्का ना साक्षीदार,
नुसते सहा आकडे.

मी म्हटलं, वाच.
"सगळं?"
सगळं.
तो वाचू लागला, आधी चालत, मग पळत,
रामकुंडावर दक्षिणा हातात पडल्यावर
मंत्र पळतात तसा,
आणि पळता पळता म्हणून गेला,
"स्थावर, जंगम, बँक, कोर्ट, सर्व अधिकार..."

थांब.
"ते आपोआप येतं, आजी. आधीच टिक असते.
सगळे तसंच ठेवतात."

लोक डोळे झाकून सही करतात.
मला ती चैन परवडत नाही.

सर्व नाही. फक्त फ्लॅट क्रमांक अकरा.
विकण्यापुरतं. सहा महिने.
तेजल गुणी आहे.
पण गुणी माणसाला तरी का द्यावं
माझं पासबुक, माझं कोर्ट, माझे सगळेच्या सगळे हात?

खुर्ची सरकली. सर्दी गप्प झाली.
मग कीबोर्ड माझ्यापुढे आला,
एफवरचा उंचवटा बोटाला लागला.
"तुम्हीच भरा. चित्र आलं की मी सांगतो."
मागे रांग होती. कोणीतरी च्यॅक केलं.
चाळीस मिनिटं गेली.
त्यानं नऊ चित्रं सांगितली, त्यातली दोन चुकीची.

छापील मसुद्यावर सही मी केली,
पुठ्ठ्याच्या खाचेत, शाळेत गिरवली तशी:
इंदुमती गायधनी.
शेवटची वेलांटी अजून खाचेबाहेर पडते.

घरी येऊन मदत क्रमांक फिरवला.
एक दाबा, चार दाबा, मग एक मुलगी.
नवी असणार, "धरून ठेवा" म्हणताना घाबरत होती.
"तक्रार थोडक्यात सांगा, मॅडम."
थोडक्यात:
जन्मभर आपण माणसांना नावं ठेवतो.
जरा बटणांना ठेवा.

ती हसली नाही. लिहून घेते म्हणाली.
कुठे लिहिणार, मी विचारलं.
"इथे एक चौकोन आहे," ती म्हणाली,
"पण तो कशासाठी आहे
ते लिहिलेलं नाहीये."