ठेव

धुकं असं, की ॲम्ब्युलन्सवाला अर्ध्यातून परत आला.
म्हणाला, सिस्टर, मुरैन्याच्या रस्त्यावर
स्वतःचा हॉर्न सोडून काही दिसत नाही.
म्हणजे आग्रा नाही, दिल्ली नाही.
जे काय ते इथेच, मुरारला.

रामसनेही कुशवाह, वय एक्कावन्न, गजकवाले.
तीळगुळाच्या लादीवर मोगरी हाणता हाणता
एक ठोका चुकला, मग मोगरीच सुटली.
कुणी मारलं नाही, पडले नाहीत, काहीच झालं नाही,
बायको सांगत होती. तीनदा म्हणाली, काहीच झालं नाही.
तिच्या पिशवीत ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट,
दिवाळीपासून चारच घरं फुटलेलं.

समोरचा सीटीवाला रजईतून उठून आला,
पैसे सकाळी बघू म्हणाला.
फिल्म हातात आली तेव्हा कोमट होती.
करड्या अक्रोडात डावीकडे पांढरा डाग.

डॉक्टर शितोळे मेंदूचे नव्हेत.
अपेंडिक्स, हर्निया, लग्नात सुटलेली गोळी.
दिल्लीतल्या वर्गमित्राला फोन लावला,
मी तो घड्याळाखाली चिकटपट्टीनं डकवला.
कानाच्या वर किती बोटं?
चार.
तुझी की माझी?
दोघं क्षणभर हसले. मी नाही.

विजेचं ड्रिल दुरुस्तीला गेलंय, दोन वर्षं झाली.
कपाटातून मी हातानं फिरवायचं काढलं,
सुताराच्या गिरमिटासारखं, सत्त्याऐंशी सालचं.
दर महिन्याला मी त्याला तेल देते, नव्या पोरी विचारतात,
इंगळे सिस्टर, याचं लोणचं घालणार का?

कर्र. थांब. कर्र.
हाडाचा भुगा मी पाण्यानं धुते आहे
आणि लाईट गेली.
जनरेटर उठेपर्यंत अकरा सेकंद.
भूलवाला अंधारात फुगा दाबत राहिला.
टॉर्च झाडूवाल्या बिट्टोनं धरली,
तिला कुणी सांगितलं नव्हतं.

निघालं ते अर्धा कप, जांभळाच्या गरासारखं.
एवढ्यानं माणूस आडवा.
मग मेंदू हलू लागला.
दूध उतू जायच्या आधी साय हलते, तसा.
बावीस वर्षं मी पोटंच पाहिली आहेत.

सूज होती, हाड परत बसेना.
हाडं ठेवायचा फ्रीज आपल्याकडे नाही,
आहे त्यात लशी.
पोटात ठेव, फोन म्हणाला, कातडीखाली, तिथं टिकेल.
पोट म्हटल्यावर डॉक्टरांचे हात
रात्रीत पहिल्यांदा घरी आल्यासारखे चालले.

सकाळी बायकोला समजावलं.
डोक्याचं हाड पोटात?
ठेव आहे बाई, तीन महिन्यांनी परत लावायची.
तिनं विचार केला. म्हणाली,
पावती मिळेल का?

रजिस्टरमध्ये तीन रकाने : बरा, रेफर, मृत.
त्याची ओळ मी अजून भरलेली नाही.
उजवा हात उठत नाही. शब्द एकच येतो, 'हां',
पाणी हवं तरी हां, नको तरी हां.
डाव्या हातानं तो पोटावरचा उंचवटा चाचपत पडतो,
गाडीत झोपलेला माणूस खिसा चाचपतो तसा.

संक्रांतीला मुलानं डबा आणून दिला.
पहिल्यांदाच एकट्यानं केलेली गजक.
दाताला चिकटत होती.
ठोके कमी पडले होते.
मी सगळी खाल्ली.