हातकाम

हुसाविकच्या बंदरात जहाज लागायला
दोन दिवस उरलेत.
खोक्यांत तीनशे स्वेटर,
यंत्रावर विणलेले, ऊबदार, निर्दोष.
प्रत्येकाच्या गळ्याशी पट्टी: ‘हाताने विणलेला’.
पुरवठादार म्हणाला, सगळेच लावतात.

स्टेनवोर खुर्ची खिडकीशी ओढते.
चष्मा, उसवायची सुई,
संधिवाताने वाकडी झालेली बोटं.
एकेक टाका.

नवरा हिशेब मांडतो: निम्मीच किंमत येईल,
बँकेचा हप्ता पंधराला.
‘माहितेय,’ ती म्हणते, ‘कात्री दे.’

जूनमधली रात्र इथे काळी होत नाही,
किती वाजले कळत नाही.
पट्ट्यांचा ढीग मांजराने विस्कटलाय.

शेवटचा स्वेटर ती उलटा करून बघते:
गळ्याशी नुसती भोकं,
चार, बारीक.
एवढंच काय ते हातकाम.